फोनमध्ये कोणी डोकावतंय असं वाटतं तेव्हा: आमच्या काउंटरवरची तपासणी, सोप्यापासून अवघडाकडे

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पिन ही रोजची कामं. त्यांच्या जोडीला गेली काही वर्षं एक तक्रार सारखी येते. माणूस फोन काउंटरवर ठेवतो, शेजारी कोणी ऐकत नाही ना ते बघतो आणि हळूच म्हणतो, "ताई, माझा फोन कोणीतरी बघतंय." कळव्याहून, वर्तकनगरहून, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतून लोक येतात. ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली-घणसोलीहूनही येतात. त्यांत बायका जास्त, कारण फोटो आणि मेसेज उघडे असलेला फोन अनोळखी पुरुषाच्या हातात द्यायला मन घेत नाही.

इतके फोन हाताखालून गेल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. आमच्याकडे येणाऱ्या फोनांत दूर बसलेल्या कुणी हवेतून शिरकाव केला, असं जवळजवळ कधीच निघत नाही. एकतर मालकाने स्वतः व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडून ॲप टाकलेलं असतं, नाहीतर ज्याला फोनचा पिन माहीत आहे अशा माणसाने दोन मिनिटं फोन हातात घेतलेला असतो. खालचा सगळा क्रम या दोन दारांभोवती लावलेला आहे.

लक्षणं

ओटीपीचा मेसेज येतच नाही, किंवा येतो तो आधीच वाचलेला दिसतो. तुमच्या नंबरवरून तुम्ही न पाठवलेले मेसेज गेलेले असतात, बऱ्याचदा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "तुम्ही ही कसली फाइल टाकलीत?" एखादं ॲप टाकल्यावर त्याचं चिन्हच गायब झालं. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप काढायला गेलं की पान आपोआप बंद होतं. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे वाईट ॲप शोधणारी गूगलची सोय, तुम्ही बंद केलेली नसताना बंद सापडते. फोन उशाशी पडून असतानाही गरम असतो आणि रात्रीतून इंटरनेटचा डेटा संपतो. कॅमेरा किंवा माइक तुम्ही वापरत नसताना वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो (अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनांवर, आयफोनवर माइकसाठी नारिंगी, कॅमेऱ्यासाठी हिरवा). यांतलं एकही दिसलं तर पुढे वाचा.

एक लक्षण फोनमध्ये दिसत नाही, माणसांत दिसतं. तुम्ही कुठे गेला होतात, कोणाशी काय बोललात, हे एखाद्याला तुम्ही न सांगता कळतं. मी हे लक्षण सगळ्यांत गंभीर मानते.

आता ज्यांवरून लोक घाबरतात पण ज्यांत सहसा काही नसतं, ती. बोलताना आवाज घुमणं हा नेटवर्कचा प्रश्न. बुटांबद्दल बोललो आणि बुटांची जाहिरात आली, एवढ्यावरून फोनमध्ये हेरगिरीचं ॲप आहे असं म्हणता येत नाही. स्क्रीनवर सारख्या जाहिराती येतात तेव्हा बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, किंवा एखादं फालतू टॉर्च-क्लीनर ॲप असतं. तीन वर्षं जुन्या फोनची बॅटरी दुपारीच संपते कारण ती जुनी झालेली असते. नुसत्या बॅटरीवरून मी कधीही निदान करत नाही.

पैसे गेले असतील तर इथेच थांबा

खात्यातून रक्कम गेली असेल तर फोन तपासत बसू नका. फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही वेगळं बंद करा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून आधी १९३० ला आणि मग बँकेला फोन करा. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते आणि ती मधल्या एखाद्या खात्यात अडवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेच्या माथी, तुमच्या नाही. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवा. फोनमध्ये नको.

आमच्याकडे एक निवृत्त काका आले होते, पैसे जाऊन दोन दिवस झाल्यावर. त्या दोन दिवसांत त्यांनी तीन दुकानं फिरून फोन दोनदा फॉरमॅट मारून घेतला होता, आणि १९३० ला फोन केलाच नव्हता. फॉरमॅटमुळे पोलिसांना दाखवायला ती फाइलही उरली नव्हती. त्या दिवसापासून मी हा मुद्दा सगळ्यांच्या आधी सांगते.

पहिली तपासणी: व्हॉट्सॲपची लिंक्ड डिव्हायसेस

अर्ध्या मिनिटाचं काम. व्हॉट्सॲप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांत लिंक्ड डिव्हायसेस बघा. आयफोनवर हे व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये असतं. एका खात्याला चारपर्यंत जोडलेली उपकरणं असू शकतात, आणि तुमचा फोन बंद असला तरी ती चालू राहतात. अनोळखी संगणक किंवा ब्राउझर दिसला तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा.

घरातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाकडून पाळत असेल, तर सगळ्यांत जास्त वेळा मला ती इथेच सापडते, म्हणून ही तपासणी पहिली. त्यासाठी काही टाकावं लागत नाही. फोन उघडा मिळाला की लॅपटॉपवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, झालं. अँटिव्हायरस हे कधीच पकडणार नाही, कारण फोनमध्ये वाईट असं काही नसतंच. टेलिग्राम वापरत असाल तर त्याच्याही सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस बघा. आणि लॉग आउट करण्याआधी त्या यादीचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. कारण पुढे "काढण्याआधी एक प्रश्न" या भागात सांगते, ओळखीच्या माणसाचा संशय असेल तर तो आधी वाचा.

दुसरी: कॉल फॉरवर्डिंग

डायल पॅडवर *#२१# दाबा. तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले असतील तर कळतं. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून "हा कोड दाबा" म्हणणारे लोक हेच करून घेतात, आणि मग बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा फोनवरून येणारा ओटीपी त्यांच्या कानात पडतो. हा प्रकार इतका वाढला होता की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल फॉरवर्ड करण्याची सोय थांबवायला सांगितली. फोनच्या सेटिंग्जमधून मात्र ते अजूनही करता येतं, म्हणून तपासायचं.

काही वळवलेलं दिसलं तर ##००२# दाबा, सगळं रद्द होतं. *#६२# हा कोड फोन लागत नसताना कॉल कुठे जातात ते दाखवतो, तो दाबल्यावर कधीकधी कंपनीचाच व्हॉइसमेलचा नंबर दिसतो. तो बघून घाबरू नका, शंका वाटली तर कस्टमर केअरला तो नंबर वाचून दाखवा.

तिसरी: गूगल खातं

इथे थोडा वेळ द्या. फोन धुऊन पुसून कोरा केला तरी खातं दुसऱ्याच्या हातात असेल तर पाळत तशीच चालू राहते. सेटिंग्जमध्ये गूगल, मग तुमचं खातं, सिक्युरिटी, आणि तिथे युअर डिव्हायसेस. विकून टाकलेला जुना फोन, माहेरी ठेवलेला टॅब, आधीच्या कंपनीचा लॅपटॉप, असं बरंच काही निघतं. जे तुमच्या हातात नाही ते साइन आउट करा. त्याच पानावर रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल बघा. रिकव्हरी नंबर दुसऱ्याचा असेल तर पासवर्ड शंभर वेळा बदला, तो माणूस शंभर वेळा परत येईल.

नंतर गूगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग. एका मुलीला वाटत होतं तिच्या फोनमध्ये जीपीएसचं ॲप टाकलंय. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या लोकलने घरी येताना तिने स्वतःच मित्राला लोकेशन शेअर केलं होतं, "बंद करेपर्यंत" हा पर्याय निवडून. ते चालूच होतं आणि मित्र आता मित्र राहिला नव्हता. गूगल फोटोजमध्येही पार्टनर शेअरिंग नावाची सोय आहे, त्यात तुमचा प्रत्येक नवीन फोटो आपोआप दुसऱ्याकडे जाऊ शकतो. जीमेल पुढे कुठे फॉरवर्ड होतंय का, ते मात्र फोनवरच्या ॲपमध्ये दिसत नाही. लॅपटॉपवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये बघावं लागतं. हे फार थोडे लोक बघतात.

चौथी: प्ले प्रोटेक्ट

प्ले स्टोअर, तुमचा गोल फोटो, प्ले प्रोटेक्ट, स्कॅन. बंद असेल तर चालू करा. ते बंद कोणी केलं हाच खरा प्रश्न, कारण पाळतीचं ॲप टाकणारा माणूस आधी हेच बंद करतो. काही लपलेली ॲप्स इथेच पकडली जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत टूल देतं, तेही वापरा. पण घाबरून एकदम पाच अँटिव्हायरस भरू नका. त्यांतले काही स्वतःच सगळ्या परवानग्या मागून बसतात आणि मग कोण चोर आणि कोण पहारेकरी हे मलाही लवकर कळत नाही.

पाचवी: ॲपची पूर्ण यादी आणि खास परवानग्या

एपीकेचं प्रकरण इथे सापडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल. ट्रॅफिकचं ई-चलान, लग्नाची पत्रिका, बँकेची केवायसी, पीएम किसानची यादी, विजेचं किंवा गॅसचं बिल, अशा नावांनी ती व्हॉट्सॲपवर येते. मेसेजात भीती घातलेली असते: आज रात्री वीज तोडू, गाडी जप्त करू. खरं चलान, खरं बिल किंवा खरी पत्रिका बघायला कधीही ॲप बसवावं लागत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं दिसली की तिथेच हात आवरायचा, मग ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलेली का असेना. भावाचा फोन आधी गेलेला असतो आणि ती फाइल त्याच्या नकळत सगळ्यांना गेलेली असते.

ती उघडली की "अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकू का" असं फोन विचारतो, मग मेसेज वाचायची परवानगी मागितली जाते. दोन्हींना हो म्हटलं की चिन्ह लपतं आणि तुमचा प्रत्येक एसएमएस तिकडे जायला लागतो. मेसेज पाठवायचीही परवानगी दिली असेल तर तुमच्याच नंबरवरून मेसेज सुटतात.

चिन्ह लपलं तरी ॲप यादीतून लपत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, सगळी ॲप्स दाखवा. एकेक बघा. सिस्टिम सर्व्हिस, सिंक सर्व्हिस, अपडेट अशी साळसूद नावं असतात, कधी चिन्ह कोरं असतं, कधी चक्क बँकेचं. संशयित ॲपवर बोट ठेवून अगदी खाली गेलात की बऱ्याच फोनांवर ते कुठून आलं हे लिहिलेलं असतं. "प्ले स्टोअर" असं नसेल तर कान टवकारा. पण नुसत्या नावावरून काहीही काढू नका. फोनची स्वतःचीही विचित्र नावांची शेकडो ॲप्स असतात आणि ती बंद करून ठेवलेले फोन माझ्याकडे नंतर दुरुस्तीला येतात.

नावापेक्षा परवानगी बघितलेली बरी. सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत हे शब्द टाकत जा:

ॲक्सेसिबिलिटी. ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा बोटं नीट चालत नाहीत अशांसाठी आहे. त्यासाठी ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता यावं लागतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता यावी लागतात. हीच ताकद चुकीच्या ॲपला मिळाली की ते तुमचा पिन टाइप होताना वाचतं, आणि तुम्ही त्याला काढायला गेलात की स्वतःच "मागे" दाबून पान बंद करतं. वर सांगितलेलं आपोआप बंद होणारं पान ते हेच. इथे "डाउनलोड केलेली ॲप्स" या भागात तुम्ही स्वतः चालू केलेलं काही नसेल तर काहीच चालू नसावं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही, तीन ठिपक्यांत जाऊन "रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" मुद्दाम उघडाव्या लागतात. फोनवर कोणी तुम्हाला हे करायला सांगत असेल, तर समोरचा माणूस चोर आहे, फोन ठेवा.

डिव्हाइस ॲडमिन. इथे बसलेलं ॲप साध्या पद्धतीने निघत नाही, अनइन्स्टॉलचं बटण फिकट दिसतं. गूगलचं फाइंड हब किंवा ऑफिसचं ईमेल इथे असणं ठीक.

नोटिफिकेशन ॲक्सेस. ज्याला ही आहे त्याला तुमच्या सगळ्या सूचना, म्हणजे व्हॉट्सॲपचे मेसेज आणि बऱ्याच फोनांवर ओटीपीसुद्धा, वाचता येतात. स्मार्ट घड्याळाचं ॲप इथे असतंच.

मग पटकन: डिफॉल्ट एसएमएस ॲप कोणतं, कीबोर्ड तुमचाच आहे का, व्हीपीएन चालू आहे का, "अनोळखी ॲप टाकण्याची परवानगी" व्हॉट्सॲपला किंवा ब्राउझरला दिली आहे का. ही शेवटची परवानगी सगळ्यांसाठी बंद करा. अँड्रॉइड १२ पासून प्रायव्हसी डॅशबोर्डही आहे, त्यात गेल्या २४ तासांत माइक, कॅमेरा आणि लोकेशन कोणत्या ॲपने किती वाजता वापरलं ते दिसतं. रात्री ३ वाजता माइक वापरणारं ॲप दिसलं, तर मला आणखी पुरावा लागत नाही.

सापडलं. काढण्याआधी एक प्रश्न

हे ॲप चोराने फाइल पाठवून घातलं, की ओळखीच्या माणसाने हातात फोन घेऊन?

चोराचं असेल तर दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि लगेच पुढच्या पायरीवर जा.

ओळखीच्या माणसाचं असेल तर थांबा. ॲप काढलं की पलीकडे दिसायचं बंद होतं आणि त्या माणसाला कळतं की तुम्हाला कळलंय. नवरा, दीर, सोडलेला मित्र, जो कोणी असेल, त्याचा हात उठतो असं असेल तर ॲप फोनमध्ये असण्यापेक्षा ते काढल्याची ती संध्याकाळ जास्त धोक्याची असू शकते. माझ्या काउंटरवर उभी राहून एक बाई मला म्हणाली होती, "आत्ता नको काढू गं, आधी मुलांना आईकडे पोचवते." तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय काहीही काढत नाही.

अशा वेळी त्या फोनवरून मदत शोधू नका, हा मजकूरही त्यावर वाचू नका. मैत्रिणीच्या किंवा शेजारणीच्या फोनवरून १८१ ही महिला हेल्पलाइन लावा, अंगावर संकट असेल तर ११२. ॲपच्या पानाचे, परवानग्यांचे, लिंक्ड डिव्हायसेसचे फोटो त्या दुसऱ्या फोनने काढून तिथेच ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, आणि त्या कलमात नवऱ्याला वेगळी सूट लिहिलेली नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खालीही येतं.

माझ्याकडे उलट बाजूचेही लोक येतात. "बायकोच्या फोनमध्ये तेवढं बघायचं ॲप टाकून द्या." मी देत नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही दुकानदाराने देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सहावी: काढणं

फ्लाइट मोड आणि वायफाय बंद, कारण जोडणी असेपर्यंत माहिती बाहेर जात राहते. फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बहुतेक फोनांवर पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की सेफ मोड विचारतो, काही कंपन्यांची पद्धत वेगळी आहे. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, म्हणून पान बंद करणारं ॲपही गप्प बसतं. आधी ॲक्सेसिबिलिटी बंद, मग डिव्हाइस ॲडमिनमधून काढा, मग अनइन्स्टॉल. हा क्रम उलटा केला की बटण फिकटच राहतं आणि लोक समजतात ॲप निघतच नाही. शेवटी डाउनलोड फोल्डरमधली आणि व्हॉट्सॲपमधली ती मूळ फाइलही पुसा. पोलिसांत तक्रार करायची असेल तर मात्र त्यांनी बघेपर्यंत पुसू नका.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. आधी गूगल, मग बँक आणि यूपीआयचे पिन, मग बाकीचे. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. फोनचा पिन नवा ठेवा, आणि जुना पॅटर्न ज्याला माहीत होता त्याचं बोट फिंगरप्रिंटच्या यादीत नाही ना तेही बघा. दुसऱ्याचं बोट नोंदवलेले फोन मी कितीतरी पाहिले आहेत.

सातवी: फॅक्टरी रिसेट

ॲप परत आलं, किंवा तुम्हाला कुठली तरी फाइल उघडल्याचं पक्कं आठवतंय पण यादीत काही सापडत नाही, तर रिसेट. त्याआधी गूगलचा पासवर्ड बदललेला आणि पाठ असायला हवा, नाहीतर रिसेटनंतर फोन तुम्हालाच आत घेणार नाही. फक्त फोटो, नंबर आणि कागदपत्रं बाजूला काढा. जुन्या फोनमधलं सगळं जसंच्या तसं नव्यात ओढणारं क्लोन ॲप वापरू नका, त्याबरोबर ते भूतही येऊ शकतं. ॲप्स प्ले स्टोअरमधून हाताने एकेक टाका. कंटाळवाणं आहे, पण दोन तासांत होतं.

आयफोन असेल तर

बाहेरून ॲप टाकणं तिथे अवघड, म्हणून बहुतेक वेळा ॲपल खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला माहीत असतो. सेटिंग्जमध्ये तुमच्या नावावर जाऊन खाली जोडलेली उपकरणं बघा. जनरलमध्ये व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट उघडा, ऑफिसचा फोन नसताना तिथे प्रोफाइल (दुसऱ्याला फोनवर नियंत्रण देऊ शकणारी सेटिंगची फाइल) असेल तर ते काढण्यासारखं आहे. आयओएस १६ पासून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत सेफ्टी चेक आहे, कोणाकोणाला काय दिसतंय ते एका जागी दाखवतं.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

रिसेटनंतरही तेच ॲप दिसलं, किंवा फोन चालू होताना बूटलोडर अनलॉक असल्याचा, म्हणजे फोनची मूळ सिस्टिम बदलण्याचं कुलूप उघडलेलं असल्याचा, इशारा येतो, तर घरी काही करू नका. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन सॉफ्टवेअर नव्याने मारून घ्या. गल्लीतल्या दुकानात, माझ्याही, हे करू नये. आम्ही कुठून आणलेली फाइल मारतो हे तुम्हाला तपासता येत नाही.

ऑफिसने दिलेला फोन असेल तर आयटी विभागाला सांगा. त्यातलं नियंत्रण बरेचदा कंपनीचंच असतं आणि ते काढलं तर नोकरीत अडचण येईल.

पैसे गेले असतील, धमकी येत असेल, फोटो दाखवून पैसे मागितले जात असतील, तर पोलीस. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत आणि दोघांकडे सायबर पोलीस ठाणं आहे, ऐरोलीच्या माणसाने ठाण्यात हेलपाटा घालू नये. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही.

पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांना पेगॅसससारख्या हेरगिरीच्या हत्याराची भीती वाटते आणि ती पोकळ नाही. पण ते शोधणं माझ्या आवाक्यातलं काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, त्यांतल्या ५ फोनांत कुठलंतरी मालवेअर सापडलं, आणि तरीही ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही, हे २०२२ मध्ये समोर आलं. त्यामुळे "१० मिनिटांत पेगॅसस काढून देतो" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. अशा माणसांनी फोन तसाच ठेवून फॉरेन्सिक तपासणी करणाऱ्यांकडे जावं, आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करावा.

दुरुस्तीला द्यायचाच झाला तर दुकानात फोनसमोर बसा. पिन लिहून देऊन भाजी आणायला जाऊ नका. पिन तुम्ही स्वतः टाका आणि निघताना बदला. चांगला कारागीर यावर रागावत नाही.

सगळं झाल्यावर आठ दिवसांनी तीन ठिकाणं परत बघा: लिंक्ड डिव्हायसेस, *#२१#, आणि ॲक्सेसिबिलिटी. तिन्ही रिकामी असतील तर फोन तुमचा झाला. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये पुन्हा नवीन नाव दिसलं, तर तुमचा नवा पिनही कोणालातरी कळलेला आहे. तेव्हा फोन माझ्याकडे आणण्याआधी, त्या आठ दिवसांत तो कोणाकोणाच्या हातात होता हे आठवून लिहून काढा.